टाळायची गावं

घरजावयाचा धोंडा ही मोठी गमतीची बाब आहे. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, ही आपली रीत. पण जावई मुळात त्याच घरात राहत असेल तर त्याला बोलवायचं कुठून? मेडशीच्या जगदेवरावांनी यावर तोडगा काढून ठेवला होता. ठरलेल्या दिवशी सकाळी देवमनने आंघोळ करून, नवे कपडे घालून मागच्या दाराने बाहेर पडायचं, मारुतीच्या पारावर थोडा वेळ बसायचं आणि मग पुढच्या दाराने पाहुणा म्हणून आत यायचं. सासूबाई त्याच्या पायांवर पाणी घालायच्या, जगदेवराव "या, या जवाई, लय दिवसानं आले" म्हणायचे, आणि पारावरची रिकामटेकडी मंडळी पोट धरून हसायची. देवमनही हसायचा. यंदा मात्र पारावर बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, की असंच उठावं आणि चालू लागावं. पण तेवढ्यात त्याची मुलगी संस्कृती दारातून हाका मारू लागली आणि तो उठून सासऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला.

जेवणं झाली. जगदेवरावांनी सुपारी कातरत विचारलं, "बोला जवाई, यंदा वाण काय पाह्यजे? आंगठी झाली, घड्याळ झालं. लाजू नका."

"गाडीत लावाचं जीपीएस पाह्यजे, मामाजी."

"ते काय असते?"

"रस्ता दाखवते."

जगदेवरावांना हसू आलं. "मी बाजूले बसतो तं तुमाले दुसरं कोणी रस्ता दाखवाले कायले पाह्यजे?"

अडचण नेमकी तीच होती. पण ती काही तोंडावर सांगता येण्यासारखी नव्हती.

देवमन मूळचा उमरदरीचा. हे गाव मानोऱ्याच्याही पलीकडे, डोंगरात. घरात जमीन थोडी आणि मुलगे दोन. इकडे जगदेवरावांकडे शेत भरपूर आणि मुलगी एकच, वर्षाराणी. मधल्या माणसाने गोष्ट काढली आणि देवमनच्या आईने, गोजराबाईने, मन घट्ट करून धाकटा मुलगा देऊन टाकला. थोरला राजपाल तिच्याजवळ राहिला.

आता इथे देवमनचे हाल होते म्हणाल तर मुळीच नव्हते. दुधावरची साय त्याच्या वाटीत पडायची. जगदेवराव त्याला एकट्याने जेवू देत नसत, एकट्याने शेतात जाऊ देत नसत, एकट्याने दाढी करायलासुद्धा जाऊ देत नसत. "एकटे कायले जाता? मी येतो ना!" हे वाक्य देवमनच्या कानात असं बसलं होतं की झोपेत कूस बदलतानाही ते ऐकू यायचं. यंदा तूर घालायची की नुसतं सोयाबीन, हे ते जावयाला आवर्जून विचारत, त्याचं उत्तर मान डोलावत ऐकून घेत, आणि मग आपल्याला करायचं तेच करत. गाडीची किल्ली त्यांच्या खाटेशेजारच्या खिळ्याला असे. मागितली की लगेच मिळे, आणि किल्लीबरोबर तेही मिळत. रागवावं तर कशावर? मारलं असतं, टाकून बोलले असते, तर माणसाला चार लोकांत सांगायला तरी काही असतं. इथे सगळं प्रेमानेच चाललेलं, आणि त्या प्रेमात देवमन नऊ वर्षं गुदमरत होता.

शेवटी त्याने वर्षाराणीला सांगून टाकलं. इथून निघू. उमरदरीला माझ्या वाट्याचा तुकडा आहे तो कसू, मानोऱ्यात काही कामधंदा बघू. त्याला वाटलं आता ही रडणार, बापाला सांगणार. ती अंगणात भाजी निवडत होती. तिने निवडणं थांबवलं नाही.

"तुमची माय हो म्हणत असन तं मी येईन," ती म्हणाली. "पण तिले न इचारता नाई. मले कोणाच्या दारात बिनबोलावल्यानं जायचं नाई."

म्हणजे आता आईला विचारायचं होतं. विचारायचं तरी काय, एवढंच, की माय, मी परत आलो तर चालेल का? फोनवर हे होणार नव्हतं. उमरदरीचा फोन राजपालच्या खिशात असे आणि तो आईला द्यायचा तोच मुळी मोठ्या आवाजावर लावून, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. समोरासमोर बसून, दोघांतच विचारायला हवं होतं. हे एवढंसं काम, पण नऊ वर्षांत आई त्याला एकटी अशी मिळालीच नव्हती.

याला कारण रस्ता. मेडशीहून मानोऱ्याला जायचं म्हणजे मालेगाव, शेलूबाजार, मंगरूळपीर, आणि या सगळ्या वाटेवर जगदेवरावांचे सोयरे पेरलेले. आपल्याकडे सोयऱ्याच्या गावावरून न थांबता गाडी नेली की झालंच. फाट्यावर कोणीतरी बसलेलं असतंच असतं. "जगदेवची गाडी गेली, थांबलीबी नाई," हा निरोप गाडीची धूळ खाली बसायच्या आत घरी पोचतो, आणि मग पुढच्या लग्नात ती माणसं तोंड फिरवून बसतात. म्हणून थांबायचं. एका घरी चहा, दुसऱ्या घरी पोहे आणि चहा, तिसऱ्या घरी "आमच्याकडचा चहा काय कडू हाये काय?" म्हणून आणखी चहा. उमरदरीला पोचेपर्यंत उन्हं कललेली असत. तिथे जगदेवराव व्याही म्हणून मधल्या खुर्चीवर बसत, गोजराबाई पदर सावरत भिंतीशी उभी राही. "बरं हाये ना माय?" "बरं हाये बाबू." एवढं झालं की जगदेवराव उठत. "निंगा जवाई, घरी जनावरं हायेत."

देवमनच्या डोक्यात होतं ते असं, की एक दिवस एकट्याने निघायचं आणि सोयऱ्यांची सगळी गावं चुकवून आडवाटेने उमरदरी गाठायची. पण आडवाटा माहीत नव्हत्या, आणि विचारायची सोय नव्हती. आपल्या भागात रस्ता विचारला की उत्तराच्या आधी प्रश्न येतो, "कोण गावचे पाव्हणे? कोणाच्या इथले?" तिथे जगदेवरावांचं नाव काढावं, तर विचारणाराच त्यांचा कोणीतरी लांबचा मामेभाऊ निघायचा आणि हाताला धरून घरी न्यायचा. मोबाइलवर नकाशा होता, नाही असं नाही. पण मोबाइल चालू म्हटल्यावर जगदेवरावांचा फोन येणार, नकाशा जाऊन त्यांचा टोपीतला फोटो पडद्यावर येणार. शिवाय मंगरूळपीरच्या पुढे डोंगरात नेटवर्क हात वर करायचं. फोन बंद ठेवून रस्ता सापडावा, अशी वस्तू त्याला हवी होती.

वाशीमला गाड्यांच्या सामानाचं लखनचं दुकान होतं. तिथे गेले, अर्थात दोघं. लखनने आतल्या कपाटातून दोन-तीन डबे काढून त्यांवरची धूळ पुसली.

"आता कोणी घेत नाई हे. सारे मोबाइलवर पाह्यतेत," तो खरेपणाने म्हणाला. "पण वस्तू मजबूत हाये. नेट लागत नाई. आतमंधीच सारा नकाशा भरेल हाये."

देवमनला छोटं यंत्र आवडलं होतं. काचेवरून काढलं की खिशात मावलं असतं. जगदेवरावांनी ते तळहातावर घेतलं आणि डोळे बारीक केले. "एवढ्याशात मले काय दिसन?" झालं, सगळ्यात मोठ्या पडद्याचं ठरलं. मराठी बोलणारं नव्हतं, हिंदीवर भागवावं लागलं. देवमनने हळूच विचारलं, "बारके रस्ते हायेत काय याच्यात? खेड्यातले?"

"हायेत ना. पांदण रस्तेबी हायेत काही काही."

"अन् आपल्याले एखादा रस्ता नको असन तं?"

"टाळता येते. कोणता टाळाचा तुमाले?"

जगदेवरावांनी कान टवकारले.

"टोलवाला," देवमन म्हणाला.

जगदेवराव खूश झाले. जावई हिशेबी निघाला म्हणून त्यांनी लखनपुढे त्याचं कौतुकही केलं.

यंत्र काचेला चिकटलं आणि पहिल्याच फेरीत जगदेवराव त्याच्या प्रेमात पडले. आतली बाई म्हणायची, "दो सौ मीटर बाद, बाएँ मुड़ें," आणि हे म्हणायचे, "हो वं माय, मुडतो." बाई आदबीने बोलते, कधी चिडत नाही, चुकलं तरी परत सांगते, असं त्यांनी गावभर सांगितलं. मग त्यांना कळलं की यात आपल्या जागा भरून ठेवता येतात. दोन दिवस ओसरीवर बसून त्यांनी एकेक सोयरा सांगितला आणि देवमनने आपल्याच हाताने तो आत भरला. अनसिंगचा मावसभाऊ, शेलूबाजारचे साडभाऊ, मंगरूळपीरची भाची, कुठल्या कुठल्या फाट्यावरचे चुलते. भरलेली जागा जवळ आली की यंत्र टुंग करून वाजायचं.

पूर्वी एक बरं होतं. जेवणानंतर जगदेवरावांचा गाडीत डोळा लागायचा आणि तेवढ्यात एखाद-दुसरं गाव निसटून जायचं. आता टुंग झालं की ते खडबडून जागे व्हायचे. "थांबवा, थांबवा! बाई म्हणून राह्यली." ज्या सोयऱ्यांना ते स्वतः विसरले होते त्यांच्याही दारात आता गाडी उभी राहू लागली. दसऱ्याच्या सुमारास देवमन आईला भेटायला निघाला, तर मानोऱ्यातच अंधारून आलं आणि तिथूनच परत फिरावं लागलं. आपल्या मागण्याने आपलाच फास आवळला गेला, हे त्याला स्टिअरिंगवर हात ठेवूनच कळलं. त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

एका दुपारी तो लिंबाखाली गाडी धूत होता. जगदेवराव आत झोपले होते. देवमन ओल्या हातांनीच गाडीत बसला, काचा वर केल्या आणि यंत्राच्या पोटात शिरला. एकातून दुसरं पान उघडत गेला, आणि त्याला ते सापडलं. टाळायच्या जागा. नकाशावर बोट ठेवायचं, खूण करायची, की यंत्र ती जागा सोडून दुसऱ्या वाटेने नेणार. सोयरे तर त्याने आधीच भरून ठेवले होते. आता नुसत्या खुणा करायच्या होत्या. त्याने शेलूबाजार टाळलं. अनसिंग टाळलं. मालेगाव, मंगरूळपीर, चुलत्यांचे फाटे, मेहुण्यांच्या वस्त्या, सगळं टाळत गेला. प्रत्येक खुणेबरोबर त्याला मोकळं वाटू लागलं. नऊ वर्षांचा चहा जणू ओकून टाकत होता. शेवटी त्याने मेडशी ते उमरदरी असा रस्ता मागितला.

यंत्राने बराच वेळ विचार केला. मग पडद्यावर आलं, आणि बाईनेही म्हटलं, रस्ता सापडत नाही.

त्याने पुन्हा मागितला. रस्ता सापडत नाही.

गाडीत उकडत होतं. काचांवरून पाणी ओघळत होतं आणि त्यातून घर, गोठा, अंगणातली तुळस सगळं वेडंवाकडं दिसत होतं. देवमन घाबरून पडद्याकडे बघत राहिला. अख्खा जिल्हा त्याचा सासरा झाला होता. या माणसांना वगळून त्याच्या आईकडे जायला पृथ्वीच्या पाठीवर वाटच नव्हती, आणि हे त्याला कोणा माणसाने नाही, एका यंत्राने, हिंदी बाईच्या गोड आवाजात सांगितलं होतं.

मग तो एकेक खूण काढून बघू लागला. एक तरी गाव मोकळं सोडावं लागणार होतं. पण कोणाचं? साडभाऊ सोडावा तर त्याचं घर थेट फाट्यावर. भाचीचं गाव सोडावं तर ती दिवसभर दारात. मावसभाऊ जगदेवरावांना रोज सकाळी फोन करणारा. शेवटी त्याला भुरीबाई आठवली. भुरीबाई जगदेवरावांची चुलत बहीण, कोळदऱ्याची. वर्षाराणीच्या लग्नात तिला पहिल्या पंगतीतून उठवलं होतं, नवरदेवाकडची माणसं बसायची म्हणून. ती न जेवता गेली ती गेली. तेव्हापासून बोलणं बंद. ती काही निरोप द्यायची नाही. देवमनने कोळदऱ्यावरची खूण काढली, आणि पडद्यावर निळी रेघ उमटली. वाकडीतिकडी, दुपटीने लांब, पण थेट उमरदरीपर्यंत.

संधी कार्तिकात मिळाली. जगदेवरावांना गुडघे दाखवायला अकोल्याला जायचं होतं आणि पुतण्याची जीप येणार होती. जावयाने सोबत जायचं हे ओघानेच आलं. देवमनने आदल्या दिवशीपासून पोट धरलं. जगदेवराव इतके हळहळले की अकोलं रद्द करायला निघाले. सासूबाईंनी ओव्याचा काढा केला, मऊ भात केला, आणि पुतण्याने बळेच काका-काकूंना जीपमध्ये बसवलं, तेव्हा कुठे ते गेले. जीप वळणाआड गेली तशी वर्षाराणी आत गेली आणि खिळ्यावरची किल्ली घेऊन आली.

"चार वाजेलोक या," ती म्हणाली. "अन् इचारूनच या. परत असा दिवस येणार नाई."

त्याने मोबाइल बंद केला. नऊ वर्षांत पहिल्यांदा बाजूची सीट रिकामी होती. त्याला ते इतकं विचित्र वाटलं की पहिले काही मैल तो उगाचच तिकडे बघत होता. बाई सांगेल तसा तो वळत गेला. फुलोऱ्यातल्या तुरीतून, धरणाच्या भिंतीवरून, कोणाच्या तरी खळ्याच्या अगदी कडेने. समोरून बैलगाडी आली की मागे सरावं लागे. कुठेही टुंग झालं नाही. मनातल्या मनात तो एकच वाक्य घोकत होता. माय, मी परत आलो तर चालेल का? कधी वाटे, आधी वर्षाराणीचं नाव काढावं. कधी वाटे, सरळ विचारून मोकळं व्हावं.

कोळदऱ्याच्या फाट्यावर एक म्हातारी बाई गाडीला हात करत उभी होती. आडगावच्या रस्त्यावर हात केलेल्या म्हातारीला सोडून पुढे जाणं देवमनला जमलं नाही. थांबला, आणि काच खाली करतो तर भुरीबाईच. तिने गाडी ओळखली, मग त्याला ओळखलं.

"जगदेवची गाडी ना हे? तो कुठी हाये?"

"अकोल्याले गेले."

"अन् तुमी?"

खोटं बोलायला त्याला सुचलं नाही. "मायकडे चाललो."

"एकटेच?"

"हो."

भुरीबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. "मंग जा ना बाप्पा, इथं कायले थांबले?" ती म्हणाली. त्याने दार उघडायला हात घातला तर तिने हातानेच नको म्हटलं. "मी त्याच्या गाडीत बसत नाई. अन् मी तुमालेबी पायलं नाई. जा."

साऱ्या सोयऱ्यांत ही एकच, जिने त्याला चहाचं विचारलं नाही. उतरून तिचे पाय धरावेत असं त्याला वाटलं.

उमरदरी आली तेव्हा ऊन अजून डोक्यावर होतं. रस्त्यावर माणूस नव्हतं, सगळे शेतात. देवमनने गाडी लावली आणि ओसरीकडे बघून तो तिथेच थबकला. दर वेळी जिथे व्याह्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या असत, तिथे आज जुन्या लुगड्याचा आडोसा बांधलेला होता. आडोशामागे एक बाज, बाजेखाली पत्र्याची पेटी, खुंटीला औषधाची पिशवी. बाजेवर त्याची आई वाती वळत बसली होती.

त्याला बघून ती आधी हसली नाही. तिने आधी त्याच्या मागे, गाडीकडे बघितलं.

"व्याही?"

"नाई आले. मी एकटाच."

वाती तिच्या मांडीवरून खाली पडल्या. "भांडण झालं काय रे? हाकललं काय तुले?"

"नाई माय. कोणी हाकललं नाई. भेटाले आलो."

हे तिला पटायला वेळ लागला. त्याने पाणी पिऊन दाखवलं, वर्षाराणीची, संस्कृतीची खुशाली सांगितली, तेव्हा ती सैल झाली. घरात कोणी नव्हतं. राजपाल आणि त्याची बायको रीता मजुरांबरोबर शेतात होती. देवमन बाजेच्या काठावर बसला. बाज करकरली.

"तू इथं झोपतं काय, माय?"

"हवा चांगली लागते," ती म्हणाली. आणि मग त्याच्याकडे न बघता, "पोरं मोठे झाले राजपालचे. एक खोली त्याईच्या अभ्यासाले. मोठ्याचं लगन करतेत आता, त्याले एक खोली लागन. तुमी येता तवा मी बाज मांगं नेऊन ठेवते. व्याह्याले कशी दाखवाव?"

आतल्या दोन खोल्यांची दारं उघडी होती. देवमनने बसल्या जागेवरून सगळं घर बघून घेतलं. वर्षाराणी कुठे निजेल, संस्कृती कुठे बसून अभ्यास करेल, हे तो शोधत होता, आणि जिथे नजर जाई तिथे राजपालच्या पोरांचं काहीतरी असे. तरी विचारायचं होतंच. इतकी गावं चुकवून तो आला होता. आईच्या तोंडून 'नाही' ऐकावं लागलं तरी चालेल, पण विचारल्याशिवाय परत जायचं नव्हतं. त्याने ओठ ओले केले.

तेवढ्यात गोजराबाईने त्याचं मनगट धरलं.

"बरं झालं एकटा आला," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मले तुले एक इचाराचं हाये. कईपासून इचारीन म्हणते. पण व्याही समोर असतेत, मंग राहून जाते."

"इचार ना."

"मले तुह्या घरी घेऊन चालतं काय?"

देवमनची नजर बाजेखालच्या पेटीवर गेली.

"मले काही लागत नाई रे. गोठ्याजवळ बाज टाकून देजो. संस्कृतीले पाहीन, तुमची भाकर टाकीन." ती घाईघाईने बोलत होती, कोणी यायच्या आत. "इथं कोणी वाईट नाई. रीता टायमावर जेवाले देते. राजपाल औषध आणते. कोणी एक शब्द वाईट बोलत नाई मले. पण मी काही म्हटलं तं मान हालवतेत अन् त्याईले कराचं तेच करतेत. दिवसभर बसून बसून मले असं वाटते का मी कोणाच्या घरी पाव्हणी आली हाये, अन् मले कोणी जा म्हणत नाई म्हणून बसली हाये. तू माह्या पोटचा हायेस. तुह्या घरी मले मोकळं वाटन."

तुह्या घरी, असं ती म्हणत होती. देवमनचं एक घर आहे, त्यात त्याचं चालतं, तो आणेल त्याला तिथे जागा मिळते, असं मानणारी ही एकच बाई जगात उरली होती, आणि ती उत्तराची वाट बघत त्याचं मनगट धरून बसली होती. तिच्या बोटांना कापसाचे धागे चिकटलेले होते.

हो म्हणावं, आत्ताच्या आत्ता पेटी उचलून गाडीत टाकावी, पुढच्या सीटवर तिला बसवावं, मग काय व्हायचं ते होवो. हे सगळं त्याच्या मनात आलं. अगदी पुढे येऊन उभं राहिलं. त्याने तोंड उघडलं.

"मामाजीले इचारून सांगतो," तो म्हणाला.

किल्ली मागताना, बियाणं आणताना, मुलीला शाळेत घालताना नऊ वर्षं हेच वाक्य त्याच्या तोंडून निघत होतं. आज ते निघताना त्याने ऐकलं, आणि मान वर करायची त्याची छाती झाली नाही.

गोजराबाईला मात्र काही वाटलेलं दिसलं नाही. किंवा वाटलं असेल तर तिने ते दाखवलं नाही. तिने त्याचं मनगट सोडलं, खाली पडलेल्या वाती गोळा केल्या.

"हो, हो. इचार," ती म्हणाली. "घर त्याईचं हाये. काही घाई नाई."

थोडा वेळ ती वाती वळत राहिली. मग हात थांबवून तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"तू काही बोलाले आलता ना रे? आला तवा तोंडावरून वाटलं मले."

"नाई माय," देवमन म्हणाला. "असाच आलतो."